सशाची मध्यस्थी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला असेल, आणि नसला तर त्यांनी औषध घेतलं नसेल. माझी तब्येत उत्तम, फक्त एक दाढ कमी झाली आहे. तीच हकीकत सांगायला बसले आहे.

सोन्याच्या डोळ्यांवर येणारे केस मी कापले आणि बाईंनी माझ्याशी अबोला धरला, हे तुला माहीतच आहे. (केस जरा तिरके कापले गेले हे खरं, पण कात्री चालू असताना टाळ्या वाजवणारं पोर तू कधी सांभाळलं आहेस का?) अबोला धरायचा तर खुशाल धरावा, पण त्यांच्या पोराला सांभाळायला मी राहते त्यांच्याच घरात, जेवते त्यांच्याच टेबलावर. दिवसभर दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला लावणारी ही दातांची डॉक्टर घरी मात्र तोंड मिटून बसायची. मग सगळा कारभार सोन्यामार्फत. "सोन्या, मावशींना सांग, दूध उतू चाललंय." मीही काही कमी नाही. "सोन्या, आईला सांग, गॅसजवळ तीच उभी आहे." तो बिचारा दीड वर्षाचा, त्याला 'भू' आणि 'दे' एवढंच येतं. तो झोपला की घर मुकं. एकदा तर बादली भरून वाहत होती आणि आम्ही दोघी त्याच्या उठण्याची वाट बघत होतो.

त्याच रागात मी तुला दुसरं काम बघायला सांगितलं आणि तू लगेच ते जुळ्यांचं घर शोधलंस. आता पुढचं ऐक. साहेब सोन्याला घेऊन त्यांच्या बहिणीकडे राहायला गेले आणि नेमकी माझी दाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की आरशात मला भावोजीच दिसले. घरात दातांची डॉक्टर, पण सांगायचं कुणामार्फत? शेवटी सोन्याचा कापडी ससा टेबलावर बसवला आणि म्हटलं, "सशा, बाईंना सांग, दाढ फार दुखतेय." बाईंनी पेपरमधून मानही वर केली नाही. "सशा, त्यांना सांग, चपला घाला. दवाखान्यात जायचंय."

खुर्चीत आडवी झाले, इंजेक्शन झालं, तोंडात कापूस कोंबला, आणि मग काय विचारतेस! बाई घडाघडा बोलायला लागल्या, सशाला मध्ये न घेता. म्हणाल्या, संध्याकाळी मी घरी येते तर तो तुमच्या मागे लपतो. निदान त्याचे केस तरी माझ्या वाटणीला ठेवायचे होतेत. आणि तुम्ही सोडून जाणार हेही मला कळलंय (मी फोनवर जरा मोठ्याने बोलते म्हणे). डोळे पुसायला त्यांनी माझ्यासाठी काढलेलाच कापूस घेतला. ताई, मला इतकं वाईट वाटलं! किती बोलायचं होतं, पण तोंड भरलेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मावशी, राहाल ना?" मी म्हटलं, "आं." त्यांनी तो होकार धरला. आता डॉक्टरने काढलेला अर्थ मी कशी बदलणार?

हल्ली बाई घरी आल्या की मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाते. सोन्या जरा शोधतो, मग त्यांच्याकडे जातो. भांडणंही आता समोरासमोर होतात. फार बरं वाटतं.

तुझी,
एका दाढेने हलकी झालेली धाकटी

ता. क. जुळ्यांच्या घरी मी येत नाही असं तूच जाऊन सांग. अवघड वाटलं तर तिथे निरोप्ये दोन आहेत.

आणखी एक ता. क. 'राहाल ना' विचारण्याआधी बाईंनी कापूस स्वतःच्या हाताने काढला होता आणि माझी जीभही बऱ्यापैकी चालत होती. यावर आम्ही दोघींनी अजून अवाक्षर काढलेलं नाही.