तिजेच्या रिंगणात

१४ सप्टेंबर २०२५
तांडा, ता. मंगरूळपीर

हिरीताईंना चंदाचा नमस्कार.

तुम्ही आणि दाजी बरे असाल. इकडे तुमच्या आईची तब्येत सुधारते आहे. आम्ही सगळे त्यांना याडी म्हणतो, तेच लिहिते. याडी वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. काल दोन पोळ्या आणि दोडक्याची भाजी खाल्ली. सोयाबीनच्या शेंगा भरल्या, पण पाऊस उघडत नाही.

तुम्ही पाठवलेली साडी मिळाली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंत, ‘पोटच्या पोरीपेक्षा जास्त केलंस.’ ती साडी मी नेसले नाही. का, ते फोनवर सांगता आलं नाही. तुमचा फोन येतो तेव्हा याडी शेजारीच असतात.

आपल्या तांड्यात तिजेचे नऊ दिवस गव्हाचे अंकुर वाढवलेल्या दुरड्यांभोवती रिंगण धरतात. एक म्हातारी, एक पोरगी, पुन्हा एक म्हातारी. गाणी त्यांना येतात, आम्ही मागून म्हणतो. सातव्या दिवशी माझ्या उजव्या हाताला याडी होत्या. दिवस मावळायचा होता. रिंगण जोरात फिरत होतं आणि त्यातच हात सुटला. याडी पाराच्या दगडावर पडल्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “पाय घसरला.” मांडीचं हाड मोडलं. पुढचं वाशीमच्या दवाखान्यातलं तुम्हाला माहीत आहे.

हात सुटला असं वर लिहिलं. ते खरं नाही. मी सोडला.

त्याच दिवशी सकाळी मला कळलं होतं की नर्सिंगला माझा नंबर लागला. घरी अजून सांगितलं नव्हतं, संध्याकाळी सांगणार होते. रिंगणात दोन गाण्यांच्या मधे याडी मोठ्यानं म्हणाल्या, “पोरींनो, चंदाची हे शेवटची तीज हाय बरं. माह्या भावाच्या नातवाले देली तिले. परवाच तिच्या बापानं जबान देली.” सगळ्या हसल्या, कोणी तरी माझ्या नावानं गाणंही धरलं. माझं लग्न मला रिंगणात कळलं, ताई. पुढचं गाणं सुरू झालं, पाय आपोआप पडत होते, आणि त्यांचा हात माझ्या हातात होता.

त्यानंतर महिनाभर मी रोज याडींकडे येत होते. अंग पुसणं, वेणी घालणं, सगळं केलं. लोक कौतुक करत होते आणि मी ऐकून घेत होते. याडी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना कळलंय की नाही, या विचारानं मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

मागच्या मंगळवारी तुमच्या वडिलांनी, भाऊसिंगकाकांनी, बैठक घेतली. याडी पडल्या म्हणून तांड्याचे नायक या नात्यानं त्यांनी ठरवलं, “साठीवरच्या बाया पुढच्या सालापासून रिंगणात नाही. बाजूले बसून गानं म्हना.”  एका म्हातारीनं नुसता पदर पुढे ओढला.

मी तुमच्या घरी येऊन याडींना हे सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा मी म्हणाले, “याडी, तुमचा पाय नाही घसरला.”

“मले मालूम हाय.”

“मग खोटं काहून सांगतलं?”

“तुह्या बापाचा हात मले माहीत हाय.” मग म्हणाल्या, “म्याबी ते तथं बोलाले नव्हतं पाह्यजे. पन आता माह्यापायी साऱ्या बाया बसून राहतीन. सांगाचं का नाही, तुहं तू पाह्य. मी नाही सांगत.”

बैठक उठली नव्हती. मी परत तिथे गेले आणि सगळ्या माणसांसमोर सांगितलं. बाबा उठले. भाऊसिंगकाका म्हणाले, “प्रेमसिंग, खाली बस.” मग मला विचारलं, “सोडला का हिसडला?”

मी म्हणाले, “हिसडला.”

 काका म्हणाले, “मंग बायाईचा काही कसूर नाही. नाचू द्या त्याईले.” आणि उठून गेले.

गुरुवारी मुलाकडच्यांनी लग्नाला नकार कळवला. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. नर्सिंगच्या कागदांवर सही करतील की नाही, माहीत नाही. लोक म्हणतात, सोयरीक मोडावी म्हणूनच चंदानं हे सांगितलं. खोटं कशाला बोलू, सांगताना तोही विचार मनात आला होता. तोच एक होता असं नाही, पण होता.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात उभी राहिले. याडींनी नेहमीसारखा तेल लावायला पाय पुढे केला. तेव्हापासून मी आले की काका बाहेर जातात.

तुम्ही पुढच्या रविवारी येणार आहात. तुम्ही नको म्हणालात तर मी तुमचा उंबरा चढणार नाही. मग हे लक्षात असू द्या: चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायाचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. याडी आठच करतात आणि दहा झाले म्हणतात. तुम्ही मोठ्यानं मोजा.

एरवी इथे ‘तुमची लहान बहीण’ लिहिते. आज ते तुमच्यावर सोडते.

चंदा