एका बाटलीवर दोन नावं

रवि., १५ जून. चँडलर
काल केइकोसानकडे जे झालं ते:
१. टोकियोत निचोमेला, म्हणजे समलिंगींच्या बारसाठी प्रसिद्ध भागात, त्यांचा फक्त बायकांसाठीचा छोटा बार होता. इथे अमेरिकेत दर शनिवारी संध्याकाळी घराच्या गॅरेजमध्ये तोच मांडतात.
२. पद्धत तिथलीच. आपली बाटली फळीवर ठेवून द्यायची, बाटलीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी बांधायची. खरं नाव लिहायचं नाही. मी ‘पुणे’.
३. मी आणि माझ्या कामावरची मिओ एकच प्लम वाइन पितो. फळीवर जागा कमी. मी एकच बाटली ठेवली, चिठ्ठीवर दोघींची नावं.
४. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केइकोसान डोळे पुसत होत्या.
५. दोघींची एक बाटली म्हणजे जोडी जाहीर. मला माहीत नव्हतं.
६. मिओ काहीच बोलली नाही.

सोम., १६ जून
रूममेट श्वेता ऐकून भांडी तशीच टाकून किचनमध्ये खाली बसली. “यार, तू शेल्फ ऑप्टिमाइझ केलंस आणि साखरपुडा उरकलास?”
दोघी खूप हसलो. पण क्र. ६ चं काय?

बुध., १८ जून
मिओ कामावर, चिप बनवायच्या फॅबमध्ये दिसली. दोघी क्लीनरूमच्या सूटमध्ये, फक्त डोळे उघडे. मशीनच्या अलार्मबद्दल बोललो. जाताना तिने विचारलं, शनिवारी येतेस ना. नेहमीसारखंच, की जरा वेगळं? डेटा अपुरा.
केइकोसाननी दिलेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतेय. दोन मुली, तिसरा खंड संपत आला, अजून हातही धरलेला नाही. त्या मानाने मी...

शनि., २१ जून
स्टिअरिंग इतकं तापलेलं की ओढणी गुंडाळून ड्राइव्ह केलं. लवकर पोचले. केइकोसानना सांगितलं, चूक झाली, पद्धत माहीत नव्हती, चिठ्ठी बदलू का. त्या ग्लास पुसत राहिल्या. मिओ मंगळवारीच येऊन गेली म्हणे. ‘पुणे’कडून चुकून झालं असेल तर तिला कोणी चिडवू नका, एवढंच सांगायला. मिओला स्वतःला काय हवंय ते मी विचारलं.
“मी बारवाली आहे, पोरी. चिठ्ठ्या तुम्ही लिहायच्या.”
मग मिओ आली. आधी माझा ग्लास भरला. काही विचारलं नाही. मीही नाही. दोघी सारख्याच.

रवि., २२ जून
मिओला पाठवलेला मेसेज जसाच्या तसा. नंतर मनात तो सौम्य करून घ्यायला नको.
“मिओ, दोन नावं मी जागा वाचवायला लिहिली. अर्थ माहीत नव्हता. आता माहीत आहे, आणि मला चिठ्ठी बदलायची नाही. तुला बदलायची असेल तर मी वेगळी बाटली आणेन, राग धरणार नाही. गुरुवारपर्यंत कळव.”