पन्हळीतल्या स्ट्रॉबेऱ्या

९ फेब्रुवारी

वजन! आज म्हणे वजन! दादा गच्चीवर कमरेवर हात ठेवून उभा— "स्लॅबवर किती भार पडतो, कळतं का तुला?" अरे, कुंड्या नकोत म्हणालास म्हणूनच तर कठड्याला पन्हळी लावल्या ना! मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानामागची शेड पाडली, तिच्या छपराच्या पन्हळी मालकांकडून मागून आणल्या. मीच कापल्या, तळाला भोकं पाडली, टोकं बंद केली, क्लॅम्प ठोकले. स्ट्रॉबेरीची रोपं लावली. तेव्हा हा खी-खी करत होता— "पावसाच्या पन्हळीत कधी फळं लागतात का!"

लागली. तेच तर दुखतंय.

१२ फेब्रुवारी

पहिली फुलं खुडून टाकताना जीव तुटत होता. पण आधी मुळं धरायला हवी होती. आता जिकडेतिकडे हिरवी फळं, काहींना लाली चढतेय. पन्हळ उथळ, माती लगेच सुकते. कामावर जाण्याआधी पाणी, आल्यावर पुन्हा पाणी. नवऱ्याचं घर सोडून इथे आल्यापासून पहिल्यांदाच कशासाठी तरी धावत जिना चढते.

वहिनी जिन्यात: "एवढी धावपळ वेगळी खोली शोधायला केली असती तर, वन्सं!" साखरेत घोळलेली सुरी!

१३ फेब्रुवारी

पाणी घातलं.

१७ फेब्रुवारी

काढल्या. सगळ्या! मी दुकानात काचा घासत होते तेव्हा.

आले तर पन्हळी जिन्याखाली एकावर एक फेकलेल्या. रोपं उपडी. पिकायला आलेली फळं पायऱ्यांवर चिरडलेली. दादा म्हणतो, "वॉटरप्रूफिंगवाला अचानक आला, मी काय करू?" अचानक! त्याचे डबे कालपासून फाटकाशी पडलेत. दिवसभर लोकांच्या नजरा दुरुस्त करते मी, मला दिसत नाही?

आणि आई? आई घरातच होती. डोळ्यांदेखत झालं सगळं. "एक फोन तरी करायचास!" म्हटलं, तर खाली मान घालून भाजी निवडत राहिली. तोंडात मिठाची गुळणी. बाबांपुढे तेच, दादापुढे तेच. मी बॅग घेऊन परत आले त्या दिवशीही तेच. दादाचा राग येतो आणि निवतो. आईचा निवतच नाही.

१८ फेब्रुवारी

जगतील तेवढी रोपं बादलीत उभी केली. मालकांना सांगितलं, खोली हवी. त्यांच्या बहिणीच्या घरावरची जागा रिकामी आहे. दोन खोल्या, बाल्कनीत सकाळचं ऊन. बघितली आणि हो म्हणून आले.

२० फेब्रुवारी

घरी सांगितलं. दादा— "लोक काय म्हणतील?" वहिनी— "असं रागाच्या भरात कशाला!" आता पुळका!

आई उठून आत निघाली. मी तिच्या पाठीवर ओरडले, "बोल ना काहीतरी! भिंतीलासुद्धा ओल येते गं, तुला काहीच कसं होत नाही?" शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. ऐकू देत!

ती थांबली. वळली मात्र नाही.

२२ फेब्रुवारी

टेम्पोत सामान चढलं. वळून बघते तर आई जिना उतरतेय. हातात औषधांची पिशवी, काखेत उशी. दादा मागून, "अगं, तू कुठे?" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. टेम्पोवाल्याला म्हणाली, "अजून एक खाट मावेल का हो?"