पेन्सिलवालीचं पान

४ मार्च, सोमवार

आज दुपारी कंत्राटदार वाचनालयात आला. सहा वर्षं मी सोमवार-गुरुवार त्या टेबलाशी बसतेय, पण या माणसाला कधी दारात पाहिलं नव्हतं. गावातली निम्मी बांधकामं त्याची, वर नगरसेवक. थेट माझ्यासमोर येऊन उभा.

"माझी बायको इथे येते म्हणे."

मी म्हटलं, "पुष्कळ जणी येतात."

"काय वाचते? किती वेळ बसते? नोंदवही असेल ना, दाखवा."

नोंदवही माझ्या कोपराखाली होती. कोपर हलवलं नाही. कोण काय वाचतं ते आम्ही कुणाला दाखवत नाही, म्हटलं. तो हसला. "बाई, ही खोली नगरपालिकेची. करार पंधरा तारखेच्या बैठकीत येतोय. त्या बैठकीत मीही असतो."

गेला.  

५ मार्च

त्याची बायको म्हणजे आमची पेन्सिलवाली. सगळं पेन्सिलीनेच लिहिते, चुकलं की खोडते, वही वाया जाऊ देत नाही. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. घरी सांगते, शिवणक्लासला जाते; इथे येते मागच्या दाराने. पुस्तकं आमच्याच कपाटात, जुन्या मासिकांमागे. गेल्या वर्षी त्याने तिचा फॉर्म फाडून टाकला होता.

परीक्षा सतरा तारखेला. बैठकीनंतर दोनच दिवसांनी.

हे ठाऊक मला आणि आमच्या अध्यक्षांना, घड्याळजींना. तिच्या वेळेला आम्ही दोघंच असतो. मग त्याच्या कानावर घातलं कुणी? दिवसभर हेच डोक्यात.

७ मार्च, गुरुवार

ती दोनला आली. मागच्या रॅकआड नेऊन सांगितलं. चेहरा एकदम उतरला. "कशासाठी येते ते कळलंय त्यांना?"

"नाही. येतेस एवढंच."

स्टुलावर बसली. मला वाटलं, आता रडेल. तर पुस्तक उघडून म्हणाली, "मग आज दोन धडे जास्त करते."

पण उद्यापासून काय? संध्याकाळी शिवणक्लासच्या बाईंकडे गेले. त्या आमच्या जुन्या सदस्य, रहस्यकथांचा फडशा पाडतात. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "पाठवा माझ्याकडे. मशीनपुढे बसवते, वही मांडीवर. कुणी आलं तर पाय चालवायचे." आणि मी निघताना — "नवीन आलेलं जाड पुस्तक मात्र आधी मला."

तिच्या वह्या कापडाच्या गठ्ठ्यात गुंडाळून पोचवल्या.

८ मार्च, शुक्रवार

वाचनालय चालवणारे आम्ही पाच जण जमलो. घड्याळजी अध्यक्ष. समोरच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, म्हणून अकरा वर्षं रोज सकाळी कुलूपही तेच उघडतात. म्हणाले, "चारशे सदस्य आहेत. सकाळी पेपरला येणारे म्हातारे दुसरीकडे जाणार कुठे? एक पान दाखवून खोली राहत असेल, तर निदान विचार करायला हवा."

"आणि तिचं काय?" मी विचारलं.

"विचार करायला हवा म्हटलं मी. दाखवा म्हटलं नाही."

पण माझं डोकं फिरलं होतं. चौघांसमोर बोलून गेले — "त्याला तुम्हीच सांगितलंत. दुसरं कुणाला माहीतच नव्हतं."

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग किल्ली टेबलावर ठेवली. "तुम्हाला असं वाटत असेल तर मी इथे बसणं बरं नाही." आवाज चढवला नाही. गेले.

घाव वर्मी बसला म्हणूनच गेले, असं मी बाकीच्यांना सांगितलं.

११ मार्च, सोमवार

कंत्राटदार दोन ते पाच वाचनदालनात बसून होता. तीन तास पेपरचं एकच पान. दार वाजलं की मान वर. पेन्सिलवाली तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे मशीनपुढे.

साडेतीनला सदस्यत्वाचा फॉर्म नेऊन त्याच्यापुढे ठेवला. "पेपर कुणीही वाचावा. पुस्तक हवं असेल तर हा भरा." त्याने फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जाताना म्हणाला, "चारच दिवस."

१२ मार्च

नोंदवही घरी आणली. पिठाच्या डब्यामागे ठेवली. हे म्हणाले, "एवढं काय आहे त्यात?" मी डबा परत जागेवर सरकवला.

१४ मार्च

शिवणक्लासच्या बाईंचा निरोप — तिचा शेवटचा धडा झाला. पेन्सिल एवढीशी उरलीय.

१५ मार्च, शुक्रवार

बैठकीला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पेपरवाले म्हातारे पहिल्या रांगेत. शिवणक्लासच्या बाई अख्खा क्लास घेऊन. कंत्राटदार उठला. म्हणाला, तिथे बायकांना घरच्यांपासून लपवाछपवी शिकवतात, खोली काढून घ्या.

नगराध्यक्षांनी मला उभं केलं. "बाई, तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ना? मग नोंदवही दाखवायला हरकत काय?"

म्हटलं, "आज एकीचं पान मागितलं, उद्या कुणी तुमचं मागेल. तुम्ही आमच्याकडून काय नेता, ते मी आजवर माझ्या तोंडाने बोलले नाही. पुढेही बोलणार नाही."

नगराध्यक्ष आमचे सदस्य आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं. सभागृह हसलं. ते कानापर्यंत लाल झाले.

मतं पडली. सात विरुद्ध पाच. खोली राहिली.

बाहेर पडताना कळलं, घड्याळजी आठवडाभर एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन बसत होते. मन खात असेल, म्हणून, असं मी म्हटलं. तेसुद्धा मोठ्याने.

१७ मार्च, रविवार

पेपर दिला तिने. घरी सांगितलं, क्लासचं प्रदर्शन आहे.

९ एप्रिल, मंगळवार

किल्ली हल्ली माझ्याकडे, रोज सकाळी मीच उघडते. पेन्सिलवाली आज पुढच्या दाराने आली. भर सकाळी, सगळ्यांदेखत. हातात पत्र — निवड झाली. सोमवारी जायचं, राहायची सोय तिथेच.

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं. परवापासून बोलत नाहीत माझ्याशी. पत्र मागून घेतलं, दोनदा वाचलं." मग हळूच — "फाडलं नाही. तशा मी तीन प्रती काढून ठेवल्या होत्या."

दोघी हसलो. मग मलाच रडू आलं, तिला नाही.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी चहा घेताना ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. "एक सांगायचं होतं. महिना झाला, जमत नाहीये." मग खाली बघून — "न्हाव्याकडे तो कंत्राटदार बाजूच्या खुर्चीत होता. वाचनालयात कुत्रं फिरकत नाही म्हणाला. मला राग आला. म्हटलं, तुमच्याच घरातलं माणूस येतं की."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं ती येते म्हणून?"

हे म्हणाले, "तूच."

हो. जानेवारीत. भाजी निवडता निवडता. ह्यांना सांगणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

घड्याळजींचं दुकान नऊला उघडतं. निघते.