ढिला बेल्ट आणि वैरागचा दसरा

२६ सप्टेंबर १९७३, बुधवार
दाक्षायणी माहेरी जाऊन आज बावीस दिवस. मिलिटरीच्या लिलावातला ट्रक दारात आला, त्याच दिवशी गेली. म्हणाली, या घरात एक तर हा राहील, नाही तर मी. मी ठणकावून सांगितलं, दसऱ्याला याच ट्रकनं वैरागला न्यायला येतो. ती म्हणाली, हा वैरागपर्यंत आला तर निमूट बसेन; एस.टी.नं मात्र येऊ नका.
ट्रक ठणठणीत आहे. फक्त फॅनबेल्ट ढिला. पंखा धड फिरत नाही, पाणी उकळतं आणि सुरू केला की असा किंचाळतो की सगळी शुक्रवार पेठ खिडकीत येते. किरकोळ काम. उद्या.

२७ सप्टेंबर, गुरुवार
घटस्थापना. शुभ दिवशी तेलकट हात नकोत.

२९ सप्टेंबर, शनिवार
कोपऱ्यावरचा इमामसाब मिस्त्री आपणहून आला. अंगठ्यानं बेल्ट दाबून म्हणाला, अण्णा, अर्धा इंच दबायला पायजे, तुमचा दोन इंच दबतोय की. डायनामो जरा भाईर वडला, बोल्ट आवळला, की झालं. धा मिन्टाचं काम, करून देऊ का म्हणाला.
नम्रपणे नकार दिला. मी आठ महिने मिलिटरी स्टोअरमध्ये कारकून होतो. माझ्या हाताखालून हजारो बेल्ट गेले, रजिस्टरमध्ये. शिवाय मिस्त्रीनं केलं तर दाक्षायणीला काय सांगू?

१ ऑक्टोबर, सोमवार
काम सुरू. दोन तास झगडून बोल्ट सोडवला. तो हॉर्नचा निघाला. हॉर्न पायावर पडला. नाही तरी फार वाजायचा.

३ ऑक्टोबर, बुधवार
पायाचा अंगठा सुजला. चहा स्वतः केला, साखर विसरलो, तसाच प्यालो. घरात कुणी बोलत नाही. शांततेत काम चांगलं होतं असं वाटलं होतं. करमत नाही, हे खरं.
इमामसाबनं योग्य मापाचा पाना आणून दिला. आता काही अडचण नाही. उद्या विश्रांती, परवा बेल्ट.

५ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ९
खंडेनवमी. पहाटे आंघोळ. घरातली सगळी हत्यारं आणि इमामसाबचा पाना घासून पाटावर मांडला. भस्म, हळदकुंकू, शेवंती, नारळ. इतकी देखणी पूजा पेठेत कुणाची नसेल.

दुपारी १
बेल्ट आठवला.
पाटाकडे गेलो, तर शेजारच्या मल्लव्वा दारात. म्हणाल्या, पूजेतलं हत्यार उद्या सांजपातुर उचलायचं न्हाय, हात तर लाव, बघते. धावत इमामसाबकडे गेलो. त्याच्या शटरला हार. तो पेढा खात म्हणाला, आज पाना नै उठता अण्णा. अक्कलकोट रोडवर सगळे माग बंद, त्यांचेही पाने पूजेत. अख्ख्या सोलापुरात एक पाना मोकळा नाही.

संध्याकाळी ५
मागावर काम करणारा श्रीमंत नावाचा विणकर भेटला. म्हणाला, आमच्या मशिनीचा पट्टा घसरला की आमी राळ लावतो, चिकटून बसतो. अर्धा शेर राळ चोळली. किंचाळणं बंद! डोकं चालवलं की पाना लागत नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ७
दसरा. ट्रकला हार, खिशात आपट्याची पानं. निघतो. दाक्षायणी, आलोच.

९ वाजून १०
वडाळ्याच्या अलीकडे. बोनेटमधून वाफ. बेल्ट गुळगुळीत होऊन लोंबतोय. ट्रकला थोडी विश्रांती देतो आहे.

९ वाजून ४०
समोरून वैराग-सोलापूर एस.टी. सासुरवाडीचं कुणी ओळखलं तर वर्षभर हसतील. चटकन सगळ्या ट्रकवर ताडपत्री ओढली आणि मागे बसून राहिलो. कुणी पाहिलं नाही. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ६
थोडा चालत, थोडा बैलगाडीतून घरी आलो. कुलपात आपट्याची पानं खोचलेली.
मल्लव्वा म्हणाल्या, दाक्षायणी आलती की साडेधाच्या एस.टी.नं. म्हणत हुती, यांचा बेल्ट कुटला बसतोय, सणाला माणूस एकलं कशाला, म्हणून मीच आले. मी सांगितलं, अगं, त्यो ट्रक घेऊन सकाळीच गेलाय वैरागला. लई खूश झाली बघ. म्हणाली, मला वाटेत दिसला न्हाय, म्हंजे लवकरच पोचले असतील. च्या सुदिक घेतला न्हाय. ते तिकडं दारात ट्रक लावून वाट बघत असतील म्हणाली, आन् लगेच माघारी गेली.
एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास ठेवला.
मी एस.टी.नं जायचं नाही असं ठरलंय.
मल्लव्वांनी पूजा उतरवली. पाना उचलला. माप अगदी बरोबर आहे. ट्रक वडाळ्याजवळ आहे.