पंपाशेजारची खोली नाकारण्याबाबत

प्रति,
मा. रेक्टर,
मुलींचे वसतिगृह क्रमांक दोन,
तळमजला, घंटेखालचे कार्यालय.

अर्जदार : प्रथम वर्षास नुकताच प्रवेश मिळालेली विद्यार्थिनी, आपली मुलगी.

विषय : वसतिगृह क्रमांक एकला दिलेली पसंती परस्पर बदलून क्रमांक दोनमधील पंपाशेजारची खोली माथी मारल्याबद्दल तक्रार, व मूळ पसंती कायम करण्याबाबत.

संदर्भ : १) सूचनाफलकावर लावलेला आपला खोलीवाटपाचा आदेश.
२) काल जेवताना आपण दिलेली तोंडी समज : "हॉस्टेलचा विषय घरात काढायचा नाही. काही म्हणायचं असेल तर अर्ज कर. सगळ्या मुली करतात."

महोदया,

संदर्भ क्रमांक दोनला अनुसरून सदर अर्ज सादर करण्यात येत आहे. अर्जदार व आपण एकाच क्वार्टरमध्ये राहतो, एकाच टेबलावर जेवतो, आणि हा अर्ज लिहिला जात असताना आपण भिंतीपलीकडे भांडी जरा जास्तच आपटून लावीत आहात, या बाबींचा अर्जाच्या गुणवत्तेवर परिणाम होऊ देऊ नये.

१. प्रथम वस्तुस्थिती. या महाविद्यालयाच्या रिवाजाप्रमाणे नवीन मुलगी दोन्ही वसतिगृहे पाहून येते आणि मुख्य कार्यालयातल्या फळीवर, जे वसतिगृह हवे असेल त्याच्या खिळ्याला स्वतःचे कुलूप लटकवते. कुलूप जिथे, मुलगी तिथे. अर्जदाराने आपले कुलूप क्रमांक एकच्या खिळ्याला लावले होते. दुसऱ्या दिवशी ते क्रमांक दोनच्या खिळ्याला आढळले. कुलपाला पाय फुटत नाहीत. शिपायाला विचारले असता तो आधी छताकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "तुमच्या घरातलं प्रकरण आहे ताई, मला कशाला मधे घेता?" यावरून कोणाचा हात लागला हे शेंबडे पोरही सांगेल.

२. आदेशात या बदलाचे कारण "प्रशासकीय कारणास्तव" असे दिले आहे. याविषयी पुढे लिहिणारच आहे.

३. अर्जदाराला वसतिगृहात राहावे तरी का लागते, हेही नोंदीवर यावे. कर्मचाऱ्याचे मूल या महाविद्यालयात दाखल झाले की त्याने क्वार्टर सोडायचे, असा एक नियम आहे. ग्रंथपालांचा मुलगा शेवटच्या वर्षाला पोचला तरी बापाच्या क्वार्टरमध्ये लोळत असतो आणि कोणाच्या पोटात दुखत नाही. परंतु आपण निकाल लागल्याच्या दिवशीच हा नियम अर्जदारास उभे करून वाचून दाखवलात. अभिनंदन नंतर केलेत. "नियम तो नियम," असे आपण म्हणालात. ठीक. अर्जदाराने बॅग भरली. आता नियमाने घराबाहेर काढलेल्या मुलीला निदान बाहेर तरी जाऊ द्यावे! तर नाही. तिला दिली ती पंपाशेजारची खोली, जिच्या एकुलत्या एका खिडकीतून आपल्या स्वयंपाकघराचा ओटा दिसतो.

सदर खोलीबद्दल आपणांस वेगळे सांगणे न लगे. भिंतीला बारमाही ओल आहे. पंप सुरू झाला की टेबलावरचा पेला आपला आपण काठाकडे चालू लागतो. गेली कित्येक वर्षे ही खोली शिक्षेदाखल देण्याचा आपला परिपाठ आहे. ती अर्जदारास का, असे पहाऱ्यावरच्या मावशींनी आपणांस विचारले. "चांगली दिली तर लोक म्हणतील, स्वतःच्या मुलीला दिली," हे आपले उत्तर मावशींनी अर्जदारापर्यंत पोचवले आहे. म्हणजे आईने मुलीला जवळ ओढायचे आणि रेक्टरने तिला शिक्षा करायची. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही पक्षी अर्जदारच.

४. हा अन्याय आजचा नाही. अर्जदाराचे सगळे बालपण आपल्या वसतिगृहात गेले, पण एक दिवसही ती तिथली मुलगी नव्हती. संध्याकाळची हजेरी संपवून आपण क्वार्टरमध्ये येत होता आणि दारातच अर्जदाराचीही हजेरी घेत होता. अर्जदार पाटीवर चित्र काढता काढता "हजर" म्हणत असे. इतर मुलांना आया हाक मारीत, अर्जदारास शिट्टी. जेवणाच्या रांगेत अर्जदार सर्वांत शेवटी, कारण कोणी बोट दाखवू नये. ताप आला तेव्हा आपण कपाळाला हात लावलात आणि दुसऱ्या हाताने आजारपणाच्या रजिस्टरात नोंद केलीत.

मांजराच्या पिल्लाचे प्रकरण आपणांस आठवत असेलच. वरच्या मजल्यावरच्या मुलींनी ते कपाटात लपवले होते. अर्जदार आपल्या वाटचे दूध त्याला नेऊन देत असे. आपण जेवताना चार वेळा आडून विचारलेत, तरी अर्जदाराने ताकास तूर लागू दिली नाही. पुढे एका हजेरीला पिल्लानेच ओ दिली आणि ते सापडले. पण मुलींनी ठरवून टाकले की चुगली रेक्टरबाईंच्या पोरीने केली. चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हापासून अर्जदार ज्या खोलीत शिरते त्या खोलीतले बोलणे बंद पडते, नियमाबाहेरची शेगडी पलंगाखाली जाते आणि कोणीतरी म्हणते, "अगं ये ना, बस ना." बसायला सांगण्याची ही तऱ्हा ज्याने सोसली आहे त्यालाच कळेल. मुली बदलल्या, पण वारसा तोच. नव्या आलेल्यांना जुन्या मुली जिना, नळ आणि अर्जदार, तिन्ही एकाच दमात दाखवून ठेवतात.

अर्जदाराला मैत्रीण नाही. हे वाक्य आपणांस माहीत नव्हते, असे समजून पुढे जात आहे.

५. क्रमांक एकविषयी आपले आक्षेप अर्जदारास पाठ आहेत. छत गळते : मान्य. न्हाणीघर व्हरांड्याच्या पार टोकाला : मान्य. चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची ओळख करून दिलेली : तोही पिऊन पाहिला आहे, मान्य. तिथल्या रेक्टरबाईंना मुलींची नावे लक्षात राहत नाहीत, त्या सगळ्यांना "ए बाळ" म्हणतात, यावर आपण कपाळाला आठ्या घालता. महोदया, अर्जदाराला नाव विसरणारीच रेक्टर हवी आहे. ज्या घरात तिला कोणी ओळखत नाही तिथे पहिल्याच दिवशी कोणाची तरी शेगडी पलंगाखाली न जाता पेटती राहावी, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा आहे. छत गळले तर बादली ठेवता येते.

६. तीर्थरूप पूल बांधायच्या कामावर दूर असल्याने त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले. "तुम्हा दोघींच्या भांडणात मी पडत नाही, मला पुलाचंच पुरे आहे," असे त्यांचे म्हणणे आहे. हे त्यांचे म्हणणे गेली अठरा वर्षे बदललेले नाही.

७. आता "प्रशासकीय कारणास्तव". हा शब्द वाचून अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणते प्रशासन? क्रमांक दोनमध्ये जागा रिकाम्या नाहीत. अर्जदारास घेण्यासाठी आपण पंपाशेजारच्या खोलीत यंदा भरलेली अडगळ हलवलीत. अर्जदाराने बांधलेली वळकटी आपण परवापासून दोनदा सोडलीत. एकदा "कीड लागली का बघते" म्हणून, एकदा काही न बोलता. काल आपण तिच्या आवडीचे जेवण केलेत आणि ते गिळवत नाही म्हणून तिच्यावरच ओरडलात. हे सर्व प्रशासन असेल तर अर्जदाराने प्रशासन हा शब्द आजवर चुकीचा समजला. आणि क्वार्टरमध्ये एकटे राहवणार नसेल, तर तसे सरळ लिहावे. मुलीला जाऊ देणे जड जाते, हे लिहायला कोणत्याही रेक्टरला नियमाने बंदी नाही. पण तसे न लिहिता आपण परक्यासारखे मागच्या दाराने जाऊन कुलूप हलवलेत, याचा अर्जदारास राग आहे, आणि तो हा अर्ज दिल्यानंतरही राहील.

८. सबब विनंती की, अर्जदाराचे कुलूप आपण स्वतःच्या हाताने पुन्हा क्रमांक एकच्या खिळ्याला लावावे. शिपायास पाठवू नये.

तसेच आणखी एक. दर वर्षी प्रवेशाच्या दिवशी अर्जदार क्वार्टरच्या पायरीवर बसून पाहत आली आहे. मुलींच्या आया फाटकाशी थांबतात, त्यांना आत सोडत नाहीत. त्या पदराने, रुमालाने डोळे पुसतात आणि आपण प्रत्येकीला म्हणता, "काळजी करू नका, माझीच मुलगी समजते." या एका वाक्याने अर्जदाराला इतक्या बहिणी दिल्या की तिच्या वाटणीला आईच उरली नाही.

म्हणून उद्या आपण रजा टाकावी. किल्ल्यांचा जुडगा घरी ठेवावा. बॅगेचा एक बंद आपण धरावा, एक अर्जदार धरील, आणि क्रमांक एकच्या फाटकापर्यंत पालक या नात्याने यावे. फाटकाशी थांबावे. रडू आल्यास आवरू नये; इतर बायका आवरत नाहीत. तिथल्या रेक्टरबाई आपणांस म्हणतील, "काळजी करू नका, माझीच मुलगी समजते."

त्यांच्या या वाक्यावर आपण काडीचाही विश्वास ठेवू नये.

कळावे, राग कायम आहे.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : खोलीवाटपाचा शेवटचा दिवस

सोबत :
१) आपली शिट्टी. ती हरवली नव्हती.
२) अर्जदाराच्या कुलपाची दुसरी किल्ली. नियमाप्रमाणे ती क्रमांक एकच्या रेक्टरबाईंकडे जमा करावयाची आहे. ती त्यांच्याकडे जमा केली जाणार नाही, आपणच ठेवावी.