नाकाने केलेली तपासणी

शनिवार, संध्याकाळ

काकांच्या पर्यटक बोटीतल्या गॅसच्या शेगडीला आज मी नवी नळी बसवली. जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे असतात, हे मला शिकवलेलं आहे. पण साबण मिळेना, म्हणून मी जोडाशी नाक नेलं. वास आला नाही. "ठीक आहे" म्हणून निघून आले.

घरी परतल्यावर ओढणीला मिरचीच्या धुराचा उग्र वास लागलेला जाणवला. मी जोडाशी नाक नेलं तेव्हा काकी त्याच शेगडीवर मिरच्या भाजत होती आणि आम्ही सगळे खोकत होतो. त्यात मला गॅसचा वास कसा आला असता?

घरात गॅस दारातून तरी निघून जातो. बोटीत तो फळ्यांखाली तळाशी साचतो. उद्या पाहुणे येण्याआधी काकी चहासाठी काडी ओढणार.

साबण मिळेना, की मी शोधलाच नाही?

काकीला फोन केला. म्हटलं, काकांना सिलिंडर आत्ताच बंद करायला सांग, शेगडी पेटवू नको.

ती हसली. "इतला वरीस चुल्हा पेटाडी ऱ्हायनी मी. तू माले शिकाडस का?"

नळी नवी आहे, खात्री करू, एवढंच सांगून भागलं असतं. तेच ओठांवर आलं होतं.

"काकी, मी तपासलंच नव्हतं. नुसता वास घेतला."

ती हसायची थांबली. मग हळूच म्हणाली, "सकायले साबण घिसन ये. मी काडीले हात लावाव नही."